कोरडं पान

आमच्या घरातला फ्रिज वर्षभर बंद होता. बिघडलेला नव्हता, चांगला धडधाकट होता, पण आईने त्याची पिन काढून ठेवली होती आणि आत गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस रचले होते. अंड्यांच्या खोबणीत दोऱ्याची रिळं, बर्फाच्या कप्प्यात हुकांच्या पुड्या, भाजीच्या ट्रेमध्ये अस्तराचं कापड. कुणी ब्लाउज न्यायला आलं की आई फ्रिज उघडून आतून ब्लाउज काढून द्यायची आणि समोरची बाई बघतच राहायची. हे सगळं एका माणसाच्या एका वाक्यामुळे झालं. तो माणूस आता हयात नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तो आमच्याबद्दल काय बोलला ते आधी ऐका, मग खुशाल मला नावं ठेवा.

फ्रिज आला कसा ते सांगते. अंबरनाथ पूर्वेला आमची चाळ. पप्पा केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे, आई घरी शिवणकाम करायची. उल्हासनगरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून पप्पांनी तो टेम्पोत घालून आणला, हिरवट रंगाचा, दाराला एक पोचा पडलेला. चाळीतला तो पहिला फ्रिज. उन्हाळ्यात आमच्याकडे सात घरांच्या पाण्याच्या बाटल्या असायच्या आणि कुणाची कुठली ते कळावं म्हणून आई प्रत्येकीच्या गळ्याला वेगळ्या रंगाची चिंधी बांधायची. रविवारी आमच्याकडे वजडी असायची, म्हणजे बोकडाची आतडी, खोबरं-लसूण वाटून केलेली, पूर्ण चाळीला वास जायचा. पूर्वी ती त्याच दिवशी संपवावी लागे. फ्रिज आल्यावर उरलेली सोमवारी डब्याला यायला लागली. "मुरली की खरी चव येते," असं आई येईल-जाईल त्याला सांगायची. तिचं मशीन थांबलं की मागून फ्रिजची घुर्र घुर्र ऐकू यायची. आई म्हणायची, "घोरतोय बघ, तुझ्या पप्पांसारखा." तिच्या आयुष्यात मिरवण्यासारख्या वस्तू फार नव्हत्या. ही एक होती.

मी तेव्हा उल्हासनगरला एका फोटो स्टुडिओत कामाला होते. मालक सिंधी, किशनशेठ. सकाळी दालपकवान खाऊन दुकान उघडायचे आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी हिंदी, माझ्याशी मोडकंतोडकं मराठी, घरच्या फोनवर सिंधी. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, मागे रोल धुण्याची आणि प्रिंट काढण्याची मशीन. रविवारी शेठ जुना कॅमेरा मला न्यायला द्यायचे. मला माणसांचे फोटो काढायचा कंटाळा होता, लग्नातल्या बायकांचे तर जास्तच. मला किडे आवडायचे. का ते विचारू नका, एखाद्याला क्रिकेट आवडतं तसं. म्हणून मी बदलापूरच्या एका निसर्गमंडळात जायला लागले. तिथे देवस्थळे सर होते.

सर एका कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बदलापूर गावाजवळ त्यांचं बैठं घर, मागे बाग. दवात भिजलेल्या चतुरांचे त्यांचे फोटो आमच्या पट्ट्यात प्रसिद्ध होते. चतुर म्हणजे तळ्याकाठी हेलिकॉप्टरसारखा उडणारा तो पारदर्शक पंखांचा किडा. मंडळाच्या प्रदर्शनात पहिला नंबर दरवर्षी सरांचा, हे गणपतीच्या आरतीसारखं ठरलेलं होतं. मला त्यांनी त्यांची युक्ती स्वतः शिकवली. त्यांची लेन्स आखूड होती. किडा फ्रेमभर दिसायला हवा तर लेन्सचं तोंड त्याच्यापासून चार बोटांवर न्यावं लागे, आणि एवढ्या जवळ कुठला चतुर तुम्हाला थारा देतो! म्हणून सर त्याला जाळीत पकडायचे, भोकं पाडलेल्या डब्यात घालून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचे आणि गारठला की बागेतल्या पानावर मांडायचे. "बाहेरच्या दमट हवेत आला की त्याच्या अंगावर थेंब धरतात. दव आपोआप येतं, बाळ," सर म्हणाले होते. मला काय, मी पाया पडायचीच बाकी होते.

मग मी घरी तेच केलं. आईने दही काढायला फ्रिज उघडला आणि किंचाळली. "सुजे! माझ्या फ्रिजात किडा?" मी समजावल्यावर तिने कपाळावर हात मारला. "शिक्षण आहे ना हे? मग खालच्या कप्प्यात ठेव. दह्याशेजारी नको." चार चतुर मी असे गारठवले. त्यातला एक पुन्हा उडालाच नाही. त्याचं खापर मी सरांवर फोडत नाही, ते माझंच पाप.

त्यातला एक फोटो मी प्रदर्शनाला दिला. आई लग्नातली साडी नेसून आली, हातात रव्याच्या लाडवांचा डबा, मंडळातल्या लोकांना वाटायला. पाहुणे म्हणून आलेल्या गृहस्थांनी फिरत फिरत माझ्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा पहिला." सरांचा फोटो शेजारच्या भिंतीवर होता. सर उठले. अगदी शांतपणे, दुःख झाल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "नाइलाजाने सांगावं लागतंय. हे छायाचित्र निसर्गातलं नाही. हा जीव घरच्या फ्रिजमध्ये कोंडून गारठवलाय. तिनेच मला सांगितलंय." मग आईच्या साडीकडे, डब्याकडे एक नजर टाकून हसले. "आता यांच्याकडे फ्रिजमध्ये काय काय ठेवत असतील, ते आपण न विचारलेलंच बरं."

लोक हसले. सगळे नाही, पण पुरेसे. कुठल्या वस्तीतून आम्ही येतो, काय खातो, हे त्या हसण्यात सगळं होतं आणि हसणाऱ्या प्रत्येकाला ते कळत होतं. मी म्हणाले, "सर, हे तुम्हीच शिकवलंत!" तर सर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, चूक झाली की मान्य करावी. दुसऱ्यावर ढकलू नये." आणि स्वतःच्या हाताने त्यांनी माझा फोटो खिळ्यावरून उतरवला. आईने तो त्यांच्या हातातून घेतला, काखेत मारला, लाडवांचा डबा न उघडता उचलला आणि बाहेर पडली. घरी आल्यावर तिने फ्रिजमधलं सगळं बाहेर काढलं, सोडा टाकून फ्रिज धुतला, शेजारणींच्या बाटल्या ज्यांच्या त्यांना देऊन टाकल्या आणि पिन ओढली. पप्पांनी विचारलं तर म्हणाली, "मला कपडे ठेवायला जागा नाही."

मला त्या माणसाचा सूड हवा होता. आज केस पांढरे झाल्यावर याला दुसरं गोड नाव देता येईल, पण देत नाही. जेवताना, चालताना, पासपोर्टवाल्याला "हनुवटी वर करा" म्हणताना माझ्या डोक्यात तेच. आणि संधी तर घरबसल्या चालून आली, कारण सरांचे रोल धुवायला आमच्याच स्टुडिओत यायचे. एकदा त्यांचा रोल मशीनमध्ये होता आणि माझा हात झाकणावर. सेकंदभर उघडलं असतं तर सगळा रोल गेला असता, आणि मशीनवर खापर फोडता आलं असतं. शेठ नेहमी सांगायचे, "गिऱ्हाईकचा निगेटिव्ह म्हणजे गिऱ्हाईकची इज्जत." पण शेठच्या शब्दासाठी मी थांबले असं खोटं सांगणार नाही. एक रोल गेला तर माणूस दुसरा काढतो. मला सरांचा रोल नको होता. मला त्यांची खाली गेलेली मान बघायची होती, आणि तीही आईच्या डोळ्यांदेखत.

हत्यार आईनेच दिलं. माझा तो उतरवलेला फोटो तिच्या मशीनमागे भिंतीला टेकून उभा होता. एक दिवस सुईत दोरा ओवता ओवता तिची नजर त्याच्यावर गेली. कापडावरचा एक उसवलेला टाका दहा फुटांवरून ओळखणारी बाई ती. म्हणाली, "सुजे, किड्याला एवढं पाणी सुटलंय, आणि पान कोरडं ठणठणीत कसं गं?"

मी उठून बघितलं. खरंच की! थेंब फक्त चतुराच्या अंगावर. पानावर टिपूस नाही, उलट धूळ दिसत होती. फ्रिजमधून चतुर गार होऊन आला होता, पान थोडंच आलं होतं? खरं दव पडलं तर ते किडा आणि पान असा भेदभाव करत नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांच्या जुन्या प्रिंट आठवून आठवून डोळ्यांपुढे आणल्या, त्या सगळ्या मीच काढल्या होत्या. सगळी पानं कोरडी. इतक्या वर्षांत कुणी बघितलंच नव्हतं, कारण सगळे किड्याकडे बघत होते. मी स्टुडिओच्या डार्करूममध्ये एकटीच हसले.

पण नुसतं बोट दाखवून भागलं नसतं. मला कोण विचारणार, मी तर फ्रिजवाली. शेजारी खरा फोटो हवा होता. सरांचा सगळ्यात गाजलेला फोटो लाल चतुराचा होता, पंख पसरून आडवा बसलेला. मी ठरवलं, तोच लाल चतुर, तशीच बैठक, पण खऱ्या दवात. प्रदर्शनात फोटो टांगायचं काम सरांकडे असे आणि ते एका जातीचे फोटो एकत्र लावायचे, त्यामुळे माझा त्यांच्या शेजारीच येणार. आपल्या हाताने आपल्याच शेजारी लावतील, ही त्यातली खरी गंमत होती.

चिखलोलीला तेव्हा गवताळ माळ आणि पाणथळ जागा होत्या. आता तिथे इमारतींची रांग आहे आणि नवीन स्टेशन होणार म्हणतात. दिवाळीनंतर पहाटे तिथे एवढं दव पडायचं की सलवार गुडघ्यापर्यंत भिजायची. लव्हाळ्याच्या काड्यांवर चतुर रात्रभर बसलेले, थंडीने जागेवरून हलत नसत. म्हणजे निसर्गाचा फ्रिज तिथे फुकट चालू होता. मी स्टुडिओच्या साध्या लेन्सला जवळचं टिपायच्या रिंगा लावून जवळ गेले, चार बोटांवर, आणि माझा गुडघा एका काडीला लागला. सगळ्या गवताने एकदम अंग झटकलं. दव खाली, चतुर तसाच, कोरडा. असं सलग पाच-सहा पहाटे झालं. शेवटी कळलं की मला जवळ जायचंच नाहीये. मला लांब राहून जवळचं काढायचंय.

किशनशेठकडे कपाटात दोन जुन्या लेन्स होत्या. बुरशी लागू नये म्हणून त्या कपाटात चोवीस तास झीरोचा बल्ब जळत असायचा. एक साठ मिलिमीटरची, आटोपशीर, काच आरशासारखी. दुसरी एकशे ऐंशीची, टेलिफोटो मॅक्रो म्हणजे लांबून बारीक वस्तू मोठी टिपणारी, दुधी भोपळ्याएवढी लांब आणि जड, कडेच्या काचेत बुरशीचा बारीक कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा. मला साठची आवडली. शेठ म्हणाले, "मेरे को मत पूछ. मख्खी से पूछ." आणि त्यांनी काउंटरवर जिलेबीचा तुकडा ठेवला. उल्हासनगरात माशीची वाट बघावी लागत नाही. ती बसली. साठची लेन्स लावून मी तिला फ्रेमभर आणायला पुढे सरकले, सरकले, आणि चार बोटं उरली तेव्हा लेन्सची सावली जिलेबीवर पडली, माशी उडाली. मग एकशे ऐंशीची लावली. माशी तेवढीच मोठी दिसली, पायावरचे केससुद्धा, आणि लेन्सच्या तोंडापासून जिलेबीपर्यंत मी हात धरून मोजलं तर पूर्ण वीत. माशी खुशाल पाय चोळत बसलेली. शेठ म्हणाले, "देख, मख्खीने बोल दिया." बुरशीचं काय, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "फोटोत नाय दिसनार. जलनेवाले को दिसेगा." ती लेन्स माझी कशी झाली तो माझा आणि शेठचा मामला आहे, इथे सांगत बसत नाही.

लांब लेन्सचा त्रास मात्र लांबलचक. हातात धरली तर समोरचं जग भूकंप झाल्यासारखं हलायचं, म्हणून ट्रायपॉड हवाच. ट्रायपॉड हलू नये म्हणून आईने जाड मांजरपाटाची पिशवी शिवून दिली, तिच्यात वाळू भरून मी ती मधोमध टांगायची. तीन पाय गवताच्या बाहेर, लेन्सचं तोंड आत. फोकसची जागा सुपारीच्या कातरणाएवढी पातळ. डोळा स्पष्ट आला की शेपूट धुरकट, शेपूट आलं की डोळा गेला. चतुराचं अंग आणि कॅमेऱ्याची पाठ अगदी समांतर आणली तरच दोन्ही साधायचं. त्यासाठी लेन्सचं छिद्र बारीक करायचं, त्यामुळे उजेड कमी, त्यामुळे अर्धा सेकंद वाऱ्याची झुळूकसुद्धा चालायची नाही. आणि सूर्य वर आला की खेळ खलास, कारण चतुर पंख थरथरवून दव उडवून देतो. म्हणजे रोज मोजून पंधरा मिनिटं.

एकटी पोरगी पहाटे माळावर कशी जाणार, म्हणून आई यायची. पाऊण तास चालत, स्वेटरवर पप्पांचा मफलर गुंडाळून, एका हातात काठी, दुसऱ्यात चहाचा थर्मास. आधी नुसती बसायची. नंतर तिलाच नाद लागला. माझ्याआधी तिला किडा दिसायचा. वारा आला की ती साडीचा पदर दोन्ही हातांनी ताणून गवताच्या बाजूला आडोसा धरून उभी राहायची आणि पुटपुटायची, "थांब रे बाबा, दोन मिनिटं हलू नको, तुझ्या पाया पडते." मग माझ्याकडे वळून, "नाही गं, त्या देवस्थळ्याच्या नाकावर टिच्चून काढायचाय ना, मग घाई नको." फेब्रुवारी लागायच्या बेतात एका पहाटे तो मिळाला. लाल चतुर, पंख पसरून आडवा. डोळ्यांवर, पंखांच्या प्रत्येक शिरेवर थेंब, आणि तो बसला होता त्या पात्यावर धारेने मण्यांची रांग. पंधरा मिनिटांत मी अख्खा रोल संपवला. आईने पदर खाली सोडला तेव्हा तिचे दंड थरथरत होते.

प्रदर्शनाला मी फोटो दिला तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "चुका होतात. आपण मोठं मन दाखवू." आणि त्या मोठ्या मनाने त्यांनी तो आपल्या लाल चतुराच्या शेजारी टांगला, जरा खाली. आईला मात्र यायचं नव्हतं. त्या हॉलची पायरी चढणार नाही अशी तिने शपथ घेतली होती. मी म्हणाले, "आई, पान तू बघितलंस. तू नाही आलीस तर मी पण जात नाही." ती बराच वेळ पायडल मारत राहिली. मग म्हणाली, "रवा आण जा."

त्या वर्षी पाहुण्या म्हणून कल्याणच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई होत्या. सर त्यांना फिरवत आणत होते. दोन लाल चतुरांपाशी आले आणि स्वतःच्या फोटोबद्दल सांगायला लागले, पहाटेचा संयम, दवाचे मोती, असलं बरंच काही. महिनाभर पाठ केलेलं भाषण मी मनात जुळवत होते. तेवढ्यात आई पुढे झाली, काखेत डबा, अगदी नम्र आवाजात.

"सर, एक विचारू का? मी अडाणी बाई."

"विचारा ना, विचारा."

"एवढं दव पडलं, किडा न्हाऊन निघाला. मग तुमचं पान कोरडं कसं राहिलं हो?"

सर हसले. मग हसू तिथेच राहिलं आणि डोळे फोटोकडे वळले. "दव... काही वेळा पानाच्या प्रकारावर..." कॉलेजच्या बाईंनी चष्मा पुढे ओढला, सरांचा फोटो बघितला, माझा बघितला. मग सरांच्या पुढच्या फोटोपाशी गेल्या. मग त्याच्या पुढच्या. नऊ फोटो होते. लोक त्यांच्या मागे मागे सरकत होते, आणि या वेळी कुणी किड्याकडे बघत नव्हतं. शेवटच्या फोटोपाशी बाई वळल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सगळीच कोरडी आहेत, सर."

तेव्हा ती मान खाली गेली. मी बघितली, डोळे भरून बघितली. मी जवळ जाऊन म्हणाले, "सर, चूक झाली की मान्य करावी. तुम्हीच शिकवलंत." आईने डबा उघडला आणि सगळ्यांना लाडू वाटले, एकालाही वगळलं नाही. सरांसमोर डबा धरून म्हणाली, "घ्या ना सर. फ्रिजमधले नाहीत." त्यांनी घेतला. नाही म्हणायची सोय कुठे होती?

त्यानंतर सरांनी मंडळात येणं बंद केलं. काही वर्षांनी ते गेले. लोक मला विचारतात, म्हाताऱ्या माणसाला एवढं लावून धरायला हवं होतं का? त्यांना मी आमचा बंद फ्रिज दाखवायला हवा होता. वाईट मला त्या न उडालेल्या चतुराचं वाटतं. सरांचं वाटायला हवं म्हणून मी बरेचदा प्रयत्न केला, जमलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईने साडी बदलली नाही. फ्रिजमधून ब्लाउजपीस काढून पलंगावर ठेवले, रिळं काढली, हुकांच्या पुड्या काढल्या, ओल्या फडक्याने आतून पुसलं आणि पिन लावली. क्षणभर काहीच झालं नाही, मग तो घुर्र करून सुरू झाला. पप्पा ड्युटीवरून नुकतेच आले होते, दारात चप्पल काढत होते.

"अहो," आई म्हणाली, "उद्या रविवार आहे. वजडी किलोभर जास्तीची आणा."

"किलोभर? तिघांत? उरेल की गं."

"उरू दे," आई म्हणाली. "ठेवायला फ्रिज आहे आपल्याकडे."